डाव्या तर्जनीचे चार टाके

लेकीकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेले तेव्हा माझ्या बॅगेत विळी होती. सुरीने मला भाजी चिरता येत नाही. ऑक्टोबर महिना होता, हॅलोवीनमुळे दारोदार भोपळे मांडलेले. रोज फिरताना ते बघून मला घारग्यांची आठवण होई. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी छोटासा भोपळा आणून विळीवर बसले. तिथल्या भोपळ्याची साल इतकी टणक असेल याचा अंदाज नव्हता. फोड सटकली आणि डावी तर्जनी पात्यावर गेली.

हळद दाबली, वर फडकं गुंडाळलं, तरी रक्त थांबेना. सांगलीत असते तर चपला घालून गावभागातल्या आमच्या डॉक्टरांकडे चालत गेले असते. इथे लेकीच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनंतरची, आणि मी तर त्यांची पेशंटही नव्हे. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलं तर चार-चार तास बसवतात आणि बिल हजारांत येतं, तेही डॉलरच्या. लेकीने मला तीनच गोष्टी विचारल्या. बोट वाकतंय का? टोकाला स्पर्श कळतोय का? रक्त चिळकांडीसारखं उडतंय का? पहिल्या दोन्हीला हो, तिसऱ्याला नाही. ‘‘मग अर्जंट केअर,’’ म्हणाली आणि गाडीची किल्ली घेतली.

पिझ्झाचं दुकान आणि नखं रंगवायचं सलून यांच्या मधे तो दवाखाना होता. बाहेरून मला तो मोबाइलचं दुकानच वाटला. रात्री आठला बंद होतो, आम्ही सव्वासातला पोहोचलो. जावयांनी वाटेतच फोनवरून नंबर लावला होता. काउंटरवरच्या मुलीने बोटाकडे एकदा बघितलं आणि विम्याचं कार्ड मागितलं. माझा प्रवासी विमा होता, पण पहिले 250 डॉलर आपल्याच खिशातून. विमा नसणाऱ्यांसाठी दर भिंतीवर लावले होते: तपासणी इतके, टाके वेगळे, एक्स-रे वेगळा. रक्ताळलेलं फडकं हातात धरून मी भाव वाचत होते, याची तेव्हा लाज वाटली. आता नाही वाटत. नंतर जावयांनी समजावलं, की तिथल्या 1986च्या कायद्याप्रमाणे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला आलेल्या माणसाला आधी तपासावं लागतं, पैशाचं नंतर. अशा स्वतंत्र दवाखान्यांना ते बंधन नाही. म्हणून आधी कार्ड.

आत एका मुलाने ब्लड प्रेशर, ताप, वजन, सगळं घेतलं. बोट कापलंय तर वजन कशाला, हे मी मराठीत विचारलं, लेकीने ते भाषांतरित केलं नाही. मग त्याने विचारलं, शून्य ते दहामध्ये वेदना किती? मी म्हटलं, तीन. लेक हळूच म्हणाली, ‘‘आई, सहा सांग.’’ मी तीनच ठेवलं. बाळंतपणं दोन झालीत माझी.

जिला मी सारखी डॉक्टर म्हणत होते ती फिजिशियन असिस्टंट होती. तिने स्वतःच तसं सांगितलं, न रागावता. तिशीची असेल. तिने आधी माझं बोट आपल्या बोटाने दाबून धरलं आणि ‘‘आता वाकवा’’ म्हणाली. स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, तुटली नाहीये ना, ते बघायला. मग सलाइनने जखम धुतली, इतका वेळ की मला वाटलं विसरली की काय. बोटाच्या मुळाशी दोन बाजूंना भुलीची दोन इंजेक्शनं दिली. खरं दुखलं ते तेवढंच. चार टाके तिने असे घातले की माझ्या शिवणाच्या बाईंनी नाव ठेवलं नसतं.

मी दंड पुढे केला. टिटॅनसचं इंजेक्शन राहिलंच होतं ना! तिने विचारलं, शेवटचं कधी घेतलं? दोन वर्षांपूर्वी, गंजलेल्या फाटकाने खरचटलं तेव्हा. मग नको, म्हणाली. जखम स्वच्छ असेल तर दहा वर्षं, मळलेली असेल तर पाच वर्षं चालतं. अँटिबायोटिकही नाही. टिटॅनस न घेता दवाखान्यातून बाहेर पडायची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. गाडीत बसेपर्यंत काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

पुढे नातीचा घसा धरला तेव्हा रविवारी तिथेच गेलो. घशातून कापसाची काडी फिरवली, काही मिनिटांत घशाला जंतूंचा संसर्ग असल्याचं कळलं, औषध परस्पर फार्मसीत पोहोचलं. पण माझे टाके घालणारी ती मुलगी नव्हती. दुसराच कोणी होता, त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगायचं. आमच्या डॉक्टरांना माझ्या सासूबाईंची साखरसुद्धा पाठ आहे. इथे काम चोख, ओळख शून्य. आमच्याबरोबर फिरायला येणारे एक गृहस्थ छातीत जड वाटतंय म्हणून तिथेच गेले होते. त्यांचा ईसीजी काढला आणि लगेच 911 लावून अँब्युलन्सने हॉस्पिटलला पाठवलं. घरूनच फोन केला असता तर अर्धा तास वाचला असता.

दहाव्या दिवशी टाके काढायला गेले. पर्स काढली तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, याचे पैसे नाहीत, टाक्यांत धरलेत. जावई म्हणाले, ‘‘आई, अमेरिकेत फुकट मिळालेली ही पहिली गोष्ट.’’ विम्याचे उरलेले पैसे मात्र तीन वेळा तोच फॉर्म भरून, मी सांगलीला परत आल्यावर मिळाले.

घारगे मी केलेच, डब्यातला भोपळ्याचा गर आणून. विळी लेकीने कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवली होती. येताना ती माझ्या बॅगेत घालायला मात्र लेक विसरली नाही.