हुलगा, येळवणी आणि उरलेलं

चारी बाजूंना ऊस आणि ताटात हुलगा, असं माझ्या लहानपणीचं श्रीपूर होतं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा इथला साखर कारखाना, आणि त्याच्या भोंग्यावर बांधलेलं आमचं घड्याळ. पाटाच्या पाण्यावर ऊस डोलायचा. कडधान्य मात्र यायचं कोरडवाहू रानातून, सांगोल्याकडच्या पाहुण्यांच्या पोत्यातून.

शेंगोळ्यांचा बेत असला की आजी परातीत हुलग्याचं पीठ घ्यायची, त्यात थोडं जोंधळ्याचं. लसूण, मिरची, जिरं पाट्यावर वाटून त्यात घालायचं, घट्ट मळायचं आणि एकेक गोळा हातावर वळून कड्यासारखा जोडायचा. फोडणीचं पाणी खळखळायला लागलं की शेंगोळे एकेक करून आत सोडायचे. रस्सा आपोआप दाट व्हायचा. पण खरी चव दुसऱ्या दिवशी! म्हणून ते मुद्दाम जास्त केले जायचे, आणि सकाळी कोण किती खाणार यावरून भांडणं व्हायची.

पुरणाचंही तेच. हरभऱ्याची डाळ शिजली की वरचं पाणी बाजूला काढायचं, ती येळवणी. तिच्या आमटीवर लाल तवंग यायचा. पोळ्या सणादिवशी संपायच्या, आमटी मात्र दुसऱ्या दिवशी उकळून आणखी झणझणीत लागायची, शिळी भाकरी चुरून. भाकरी उरली तर कुस्करून कांदा-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायची. मटकीची उसळ मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रीपर्यंतही टिकायची नाही. पारा चाळिशीपार. आंबूस वास आला किंवा तार सुटली की थेट म्हशीच्या पाटीत. त्यामुळे मोड आणायला भिजवतानाच मटकी माणसं मोजून घेतली जायची.

आता कुकरच्या शिट्ट्यांवर हुलगा शिजतो, मोड आलेली मटकी अकलूजच्या बाजारात पिशवीत मिळते. बरंच आहे, चुलीपुढचा धूर कुणाला हवा? पण फ्रिज आल्यापासून भिजवतानाचा हात सैल झालाय. उरेल तर उरेल, ठेवू आत. मग डब्यावर डबा, आणि चौथ्या दिवशी मागच्या कोपऱ्यातली वाटीभर उसळ बाहेर निघते, तेव्हा ती कधीची हे कुणालाच आठवत नाही. फ्रिजने अन्न वाचवलं म्हणतात. मला तर वाटतं, टाकून द्यायचा दिवसच त्याने पुढे ढकलला.

अर्थात जुन्या दिवसांचं कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. चवीचं शिळं सगळ्यांचं, बिनचवीचं फक्त बायकांचं. गडी-माणसांना ताजी भाकरी, पोरांना मऊ पापुद्रा, आणि कालचा कडक तुकडा पाण्यात भिजवून आई खायची. ‘काही वाया जात नव्हतं’ या वाक्यातला मोठा वाटा तिच्या पोटात गेलेला असायचा. तो काटकसरीचा गुण म्हणून मी तरी मिरवणार नाही.

आमच्या घरात आता नियम केलाय: ज्याने उरवलं, त्याने दुसऱ्या दिवशी खायचं. आठवडाभरात धाकटा स्वयंपाकघरात येऊन विचारायला लागला, भाकऱ्या किती टाकताय?