कलाभवनातील कुटुंब

शांतिनिकेतनातील विश्वभारती विद्यापीठाचे कलाभवन पाहावयास मी गेलो आणि आवारातील एका शिल्पापुढे माझे पाऊल अडले. बिऱ्हाड घेऊन निघालेले संथाळ कुटुंब! पुरुषाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपलीत मूल, शेजारी चालणारी स्त्री आणि सोबतीला कुत्रेसुद्धा. रामकिंकर बैज यांनी ते १९३८ साली घडविले. संगमरवरात नव्हे, की ब्राँझमध्येही नव्हे, तर सिमेंट आणि तांबड्या जांभ्या दगडाच्या खडीत. मुलांनो, पुतळे उभारावेत ते राजांचे आणि पुढाऱ्यांचे, ही आपली रीत. येथे तो मान कष्टकऱ्यांना मिळाला, तोही विद्येच्या अंगणात! जवळ जाऊन पाहिले, तर खडीच्या त्या खरबरीत अंगावर उन्हात रापलेली कातडी दिसू लागते.