लिस्बनचे मोजके दिवस

नकाशा पसरून बसले की लिस्बन हाताशी आल्यासारखं वाटतं. दिवस मोजकेच, म्हणून सिंत्रा मी आत्ताच वगळलं. तिथले राजवाडे पुढच्या खेपेला पाहीन.

बेलें मात्र हवंच. तिथल्या जेरोनिमस मठात वास्को द गामाची कबर आहे. 1498 मध्ये कालिकतला पोचलेला हा माणूस. त्याच्या मागून आलेल्यांनी गोवा घेतला, वसईचा किल्ला बांधला. तो किल्ला 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकला, हे शाळेपासून मनात कोरलेलं. त्या कबरीपुढे मला काय वाटेल? आदर नक्कीच नाही, पण नुसता रागही नसावा. मला तिथे थोडा वेळ उभं राहायचं आहे. सोमवारी मठ बंद असतो, तेव्हा मंगळवारी सकाळीच जाईन.

कार्मोच्या मठाला अर्धा दिवस राखून ठेवलाय. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, चर्चमध्ये गर्दी, आणि भूकंप. पाठोपाठ समुद्र आत आला, आगी लागल्या. तेव्हाचा मंत्री पोंबाल याने बायशा भाग सरळ रस्त्यांचा नव्याने उभारला, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून, पुढच्या हादऱ्याचा विचार करून. कार्मोच्या चर्चच्या मध्यभागावर छप्पर मात्र परत चढलं नाही, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या आमच्या पिढीला त्या उघड्या कमानींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अठ्ठावीस नंबरची ट्राम जमली तर. गर्दी असेल तर अल्फामाचा चढ पायीच चढेन.