इंगळी आणि तांबडा विंचू

आमच्या भागात विंचू दोन. एक काळी इंगळी. अंगानं जाडजूड, नांग्या खेकड्यासारख्या, बघूनच बायामाणसं ओरडतात. दुसरा तांबडा, बोटभर लांब, नांग्या बारीक. भय जास्त इंगळीचं, पण माणूस मारतो तो हा तांबडा. एप्रिल-मे तापला की, नाहीतर पहिल्या पावसाचं पाणी बिळात शिरलं की तो बाहेर पडतो. पेंढ्याची उडवी, गोवऱ्यांचा ढीग, बांधाचे दगड, पडवीत काढून ठेवलेली चप्पल. शेतकऱ्याचा हातपाय जिथं न बघता जातो, तिथं हा बसलेला.

विंचू चावला की पूर्वी आधी भगत. कोणी चिंचोका उगाळून लावी, कोणी आघाड्याचं मूळ. भगत मंत्र म्हणत दंडापासून खाली हात उतरवत आणी आणि सकाळपर्यंत कळ खरंच उतरे. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. इंगळीची कळ एका दिवसात आपली आपणच ओसरते. तांबडा चावला तरी पुष्कळांना नुसती कळच येते. म्हणजे दहातली बरीच माणसं भगताविनाही वाचणारच होती. जे जात त्यांचं आयुष्यच तेवढं होतं म्हणायचं. भगत खोटारडा नव्हता, त्याचाही मंत्रावर विश्वास होता.

माझी धाकटी बहीण 1969 च्या मे महिन्यात गेली. सात वर्षांची होती. सरपण काढताना बोटाला डंख झाला. आधी रडली, मग रडणं थांबलं आणि घाम सुटला. आजी तिचे पाय चोळत होती. म्हणाली, "पाय बरफावानी गार पडलेत गं पोरीचे." भगत येऊन गेला. रात्री बैलगाडीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पहाटे तिला धाप लागली, तोंडाला तांबूस फेस आला, आणि संपलं. त्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. तेव्हा दुखणं मारायचं, झोप आणायचं औषध देत. नेमका इलाज कोणाकडेच नव्हता, मुंबईतही नाही.

तो इलाज पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या डॉक्टरनं शोधला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. खोपोलीहून पेण, वडखळ, माणगाव करत महाडला जावं, तिथं जवळच बिरवाडी. 1976 साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर आले. मूळचे जालना जिल्ह्यातले, गरिबीतून शिकलेले. विंचवाचे रोगी त्यांच्यापुढं मरत होते आणि पुस्तकात उत्तर नव्हतं. मग ते रोग्याच्या खाटेशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय कधी गार पडतात, धाप कधी लागते, सगळं लिहून काढलं. 1982 साली त्यांची निरीक्षणं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

त्यांच्या ध्यानात आलं ते असं. तांबड्याच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात. पाटाचं तोंड बुजलं की पाणी मागं तुंबून नको तिथं शिरतं, तसं हृदयावर भार येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध पाहिजे. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी होती, ती त्यांनी वापरली. त्याबद्दलचा लेख 1986 साली आला. आधी गंभीर रोग्यांत शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या हिशेबी उशिराच.

माझ्या सूनबाईला तांबडा चावला तेव्हा मी ती गोळी पहिल्यांदा पाहिली. तिखटाच्या बीएवढी. तिला घाम सुटला होता, उलटी झाली होती. गोळी दिली, तीन तासांनी पुन्हा दिली. नर्सबाई मधूनमधून येऊन तिच्या तळपायाला हात लावून बघायच्या. मी विचारलं, ताप डोक्याला बघतात, तुम्ही पाय काय बघता? म्हणाल्या, "काका, पाय ऊबदार झाले की विष हटलं समजायचं. तोवर गोळी चालू." माझ्या आजीनं तेच गार पाय हातात धरले होते. खूण तिलाही दिसली होती, हातात गोळी नव्हती.

वाडीत अजून भगताला बोलावतात. आमचं त्याच्याशी भांडण नाही. फक्त ठरवलंय, मंत्र म्हणायचा तो रिक्षात बसून म्हणायचा, कारण तास गेले की गोळीचाही उपयोग कमी होतो. तोही येतो बिचारा. राब भाजून झाले की, मेच्या आत, मी आरोग्य केंद्रात एक फेरी मारतो आणि विंचवाच्या गोळ्या आल्यात का ते विचारून येतो.