तेलगावची पेटी आणि सैल मनगट

बीडहून परळीकडे जाताना वडवणी मागे पडली की तेलगाव लागते. माजलगाव-धारूर रस्ता येथेच या रस्त्याला मिळतो. त्यामुळे चौकात एसटी आणि ट्रॅक्टरची वर्दळ असते. हिवाळ्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्यांची रांग दिसू लागते. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. येथे कोयता हे हत्याराचे नाव आहेच, शिवाय जोडीने काम करणाऱ्या पतिपत्नींनाही ‘एक कोयता’ असेच म्हणतात. हाताची दुखणी येथे घरोघर भेटतात.

अशा एका मुक्कामात रात्री देवळात भजन ऐकायला बसलो. सत्तरी ओलांडलेले एक बुवा दोन तास पेटी वाजवत होते. खांदे खाली, मनगट सरळ, बोटे किंचित वाकलेली व पट्ट्यांना लागूनच. शेजारी शिकणारा तरुण मात्र खांदे उचलून प्रत्येक पट्टी दडपत होता. बुवा त्याला म्हणाले, “पट्टी हळू दाब नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. आवाज भात्यातून येतो.”

शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यांच्या दोऱ्यांसारख्या नऊ कंडरा मनगटातील एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याच बोगद्यातून एक महत्त्वाची नसही जाते. मनगट वाकवून सतत जोर लावल्यास तेथील दाब वाढतो आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊ लागते.

पियानोची रचना निराळी. तेथे पट्टी खाली जाण्याच्या वेगावर आवाज ठरतो, म्हणून हाताचे वजन उपयोगी पडते. पण हातोडी तारेवर आपटून परतल्यावर पट्टी कितीही दाबली तरी स्वरात भर पडत नाही. लंडनचे शिक्षक टोबायस मॅथे यांनी 1903 च्या ग्रंथात, अनावश्यक ताण सोडून हाताचे वजन वापरण्यावर भर दिला. त्यापूर्वी, 1830 च्या सुमारास, संगीतकार रॉबर्ट शुमान यांचा उजवा हात अधू झाला व वादक होण्याचे त्यांचे स्वप्न संपले. बोट बळकट करण्यासाठी त्यांनी एक यांत्रिक साधन वापरले होते. दुखण्याच्या खऱ्या कारणाबद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

भजनानंतर त्या तरुणाने विचारले, “डॉक्टरसाहेब, रात्री बोटांना मुंग्या येतात. पेटी सोडू का?” तो दिवसभर ऊस तोडतो. मी त्याचा हात तपासला आणि पेटी सोडू नकोस, असे सांगितले. त्याच्या मनगटावरचा मोठा भार कोयत्याचा होता. घाव घालताना मूठ घट्ट हवी, दोन घावांच्या मधे ती सैल सोडता येते, हे त्याला करून दाखवले. तरीही मजुरी टनावर मिळत असताना विश्रांतीचा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण, हे मान्य केलेच पाहिजे. योग्य पद्धतीने ताण कमी होतो. अतिश्रमाची भरपाई तिने होत नाही.

घरात कोणी पेटी, कीबोर्ड वा पियानो शिकत असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात. वाजवताना कोपर साधारण पट्ट्यांच्या उंचीवर असावे. जमिनीवर बसणाऱ्याने पेटी जवळ ओढून घ्यावी, गरज वाटल्यास घडी घातलेल्या सतरंजीवर बसावे. मनगट हाताच्या रेषेत असावे. वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून सैल झुलवावेत. वेदना सहन करून सराव वाढवू नये. रात्री मुंग्या येणे, पकड कमजोर होणे किंवा वस्तू हातातून निसटणे अशी लक्षणे दिसल्यास मलमावर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. लवकर निदान झाल्यास पुष्कळदा रात्री मनगटपट्टी बांधणे व कामाची पद्धत बदलणे एवढ्यावरही आराम पडतो.