सणसवाडीची वाढती घरे

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले म्हणजे खराडी, वाघोली, लोणीकंद ही गावे मागे टाकून भीमेच्या पुलापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे हल्ली रस्त्यावरील गर्दीच ठरविते. पुलाच्या अलीकडे पेरण्याच्या हद्दीत १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ उभा आहे; पलीकडे कोरेगाव भीमा, आणि तेथून पुढे थोड्याच अंतरावर शिरूर तालुक्यातील सणसवाडी. पुण्यापासून अंतर तीसएक किलोमीटरांचे. या वाटेने मंडळी जातात ती रांजणगावच्या गणपतीस, किंवा वढू-तुळापुरास. आम्ही मात्र या खेपेस घरे पाहावयास निघालो होतो. सणसवाडीस घरे पाहावयास कोण जाते, असा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनीच आम्हांस केला होता.

प्रश्न गैर नव्हता. सणसवाडी हे काही रम्य स्थळ नव्हे. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव आता कारखान्यांनी वेढले आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि थेट उत्तरेकडून कामासाठी आलेली तरुण माणसे, त्यांच्याकरिता बांधलेल्या खोल्यांच्या रांगा, खाणावळी, धुरळा आणि मालमोटारींचा अखंड कोलाहल, असा सारा देखावा आहे. परंतु मान जरा वर करून पाहिले, तर घरोघरच्या गच्चीवर खांबांच्या डोक्यातून निघालेल्या लोखंडी सळयांचे तुरे उभे दिसतात. नवख्यास वाटावे, पैसे संपले आणि काम राहिले. वस्तुतः तसे नसते. पुढच्या मजल्यासाठी मुद्दाम ठेवलेली ती जागा असते.

असल्याच एका घराच्या ओटीवर आम्ही घटकाभर टेकलो. यजमान साठीच्या पुढचे. पाणी देऊन म्हणाले, "बसा साहेब. थोरलं पोरगं हाताशी आलं, तवा वरचा मजला चढवला. खाली भाडेकरू हायेत. आता धाकट्याचं ठरतंय. सळ्या सोडल्यात, देव करील तवा तिसरा." जिना घराच्या बाहेरून चढविलेला होता. त्याचे कारण विचारता आतून त्यांच्या कुटुंबाने उत्तर दिले की, सुनेची चूल वेगळी झाली तरी घर एकच राहावे! आम्हांस या उत्तराचे फार कौतुक वाटले. भाडेकरूही त्याच जिन्याने जातो, आणि घरच्या माणसांच्या ओटीवरून त्याची ये-जा होत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रसंग आला असेल. धाकट्याचे लग्न ठरले, जागा कोठे आहे? शहरातील कुटुंबास याचे उत्तर बहुधा एकच मिळते, ते म्हणजे दुसरीकडे बिऱ्हाड. याच रस्त्यावर खराडीस जे वीस-वीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत, त्यांत राहणाऱ्यास एक हातभर जागाही वाढविता येत नाही. इतकेच नव्हे, तर हल्ली बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि छत एकदमच काँक्रीटचे ओततात. काम झपाट्याने होते, गिलाव्याचा खर्चही वाचतो. परंतु मग घरातील भिंत ही नुसती आडोसा राहत नाही, ती इमारतीचा भार वाहते. दोन खोल्यांची एक करावी म्हटले तर हातोडा लावण्याची सोय नाही.

आपल्या जुन्या वाड्यांची रीत याच्या उलट होती. भार वाहावयाचा तो लाकडी खांबांनी आणि तुळयांनी. मधला आडोसा काढावा, घालावा. घराचे माप खणांवर. कुटुंब वाढले की चार खण अधिक, ऐपत असल्यास मागे आणखी एक चौक. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्यातही पुढील पेशव्यांनी आपापल्या परीने भर घातलीच. अर्थात लाकडाचा दोष लाकडाबरोबर येतो. १८२८ च्या आगीत त्या वैभवातून जोती आणि तट एवढेच काय ते उरले.

उंच इमारत वाढती करता येईल काय, हा विचार परदेशी पुष्कळ झाला आहे. जपानी वास्तुशिल्पी किशो कुरोकावा यांनी १९७२ साली टोकियोत दोन काँक्रीटच्या गाभ्यांवर १४० तयार खोल्या बोल्टांनी जडविल्या. पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढावी व नवी बसवावी, अशी त्यांची कल्पना. परंतु एक खोली काढावयाची तर तिच्या वरच्या साऱ्या काढाव्या लागत. पन्नास वर्षांत एकही बदलली गेली नाही, आणि २०२२ साली ती इमारतच उतरविण्यात आली. याउलट अमेरिकेत शिकागो येथे एका विमासंस्थेने १९९७ साली ३३ मजले बांधले, आणि पुढील मजल्यांचा भार आरंभीच हिशेबात धरून पाया व खांब त्या ताकदीचे केले. पुढे लागणाऱ्या पाळण्यांसाठी जागाही रिकामी ठेविली. २०१० पर्यंत वर आणखी २४ मजले चढले, आणि खालच्या कचेऱ्या त्या काळात चालूच होत्या. आमच्या मते सणसवाडीची सळई आणि शिकागोची ती रिकामी जागा यांची जात एकच आहे.

फरक आहे तो पायाचा. सळया दिसतात, पाया दिसत नाही. उघड्या सळया चार पावसाळ्यांत गंजतात. त्यांवर हलक्या काँक्रीटचे टोपण घालून ठेवावे, एवढी साधी काळजीही थोडेच घेतात. २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्यानजीक बेकायदा बांधलेली सात मजली इमारत, वर आठव्याचे काम चालू असता कोसळली आणि ७४ माणसे गेली. तेथे मजले चढविण्याची घाई होती, हिशेब नव्हता.

म्हणून उठण्यापूर्वी आम्ही यजमानांस विचारले, "काका, हा पाया किती मजल्यांचा?" ते म्हणाले, "तिनाचा. मिस्त्रीनं तवाच सांगितलंय." नकाशा? तो नव्हता. मिस्त्री कोठे असतो? तो कधीच आपल्या गावी परतला होता. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यात घराची लांबी-रुंदी आणि कर लिहिलेला असतो. त्याच्या शेजारी पाया किती मजल्यांचा, हा एक रकाना घालून खाली अभियंत्याची सही घेतली, तर धाकट्याच्या लग्नाआधी पाहावयास तो कागद तरी हाती राहील. तोवर तिसरा चढविण्यापूर्वी अभियंत्याकडून पाया उकरून पाहून घ्या, एवढे यजमानांस सांगून आम्ही निघालो. "बघतो साहेब," ते म्हणाले, आणि गच्चीवरच्या सळयांकडे पाहू लागले.