हजारी पाच

त्या हायस्कुलाच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा गेले ती माझ्याच कामासाठी. एका कन्नड कथेचा अनुवाद करत होते आणि गोठ्यातल्या एका 'कणज'पाशी अडले होते. कणज म्हणजे धान्याचं कोठार, आपल्या कणगीचं भावंडच, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून बिनधास्त 'कणगी' लिहून मोकळी झाले. पुढच्याच वाक्यात ती कणगी एका पोराच्या कानाला चावली. महाजालावर शोधलं तर 'कणज' याच नावाचं कर्नाटक सरकारचं ज्ञानकोशाचं संकेतस्थळ पुन्हा पुन्हा समोर येई. शेजारच्या अज्जी म्हणाल्या, शाळेत मोठा शब्दकोश असेल, विचार जा.

ही २०२२ च्या जुलैमधली गोष्ट. बोम्मसंद्र्यात तेव्हा होसूर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे होते, गाडी नव्हती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो त्याला आठ वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला असलेल्या त्या हायस्कुलात मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. शाळा आठवी ते दहावी. मुलं बहुतेक कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्यांची. मैदानात पाच मिनिटं उभं राहिलं तर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, ओडिया, बंगाली सगळं कानावर पडतं.

ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेच्या बाजूची एक अरुंद खोली आणि काचेची तीन कपाटं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. कन्नडमध्ये किल्लीला 'बीगद कै' म्हणतात, म्हणजे शब्दशः कुलपाचा हात. तो हात घेऊन समाजशास्त्राच्या टीचर आल्या. ग्रंथालयाचा जादा भार त्यांच्याकडे होता. कन्नड साहित्य परिषदेचा शब्दकोश त्यांनी खालच्या फळीवरून ओढून काढला, पदराने पुसला. 'कणज'चा दुसरा अर्थ तिथे होता : गांधीलमाशी. मी तिथेच बसून अनुवादातली कणगी खोडली.

"चार वर्षांत हा कोश बाहेर काढायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या," टीचर म्हणाल्या. त्यात कौतुक नव्हतं, तक्रारही नव्हती.

मी विचारलं, मुलं पुस्तकं नेत नाहीत का? त्यांनी कपाटाला पुन्हा कुलूप लावलं आणि सांगितलं की वाचनाच्या तासाला इथेच बसून वाचतात, घरी देत नाही. हरवलं तर भरपाई त्यांच्या पगारातून. तो वाचनाचा तासही गणिताने घेतला होता. करोनात शाळा बंद राहिल्या, नववीतल्या मुलांना धड वाचता येत नाही, दहावीचा निकाल तर लावायचा आहे, मग सगळ्यात आधी कुठला तास जाणार?

मी घरी आले ती चिडून. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींचीसुद्धा पुस्तकं हवीत असं लिहिलेलं आहे. (तो कायदा आठवीपर्यंतचा, नववी-दहावी त्याच्या बाहेर राहते, हे वेगळंच.) आणि ज्या गावात एस. आर. रंगनाथन यांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली त्या गावात पुस्तकं कुलपात? ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी १९३१ साली लिहिले. त्यातला पहिलाच नियम पुस्तक वापरासाठी असतं हे सांगणारा आहे, आणि तो समजावताना ते जुन्या युरोपात साखळीने बांधून ठेवलेल्या पुस्तकांची हकिगत सांगतात. १९७२ साली ते बंगळुरातच वारले. मला त्यांच्याबद्दल भावतं ते हे की मुळात ते गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले तेव्हा थोड्याच दिवसांत कंटाळून परत वर्गात जायला निघाले होते. शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर पुढे त्यांनी एक स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. गणिताच्या तासाने वाचनाचा तास खाल्ला हे ऐकून त्यांना काय वाटलं असतं, असं मी तावातावाने नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मग जा की तू आठवड्यातून एकदा."

म्हणून बुधवार ठरला. दुपारची सुट्टी आणि त्यानंतरचा एक तास.

पहिल्या बुधवारी मी टीचरना सांगितलं, पुस्तकं घरी देऊ या, हरवली तर हरवली. त्या शांतपणे म्हणाल्या, "रजिस्टरवर सही तुमची नाही ना." मला लागलं, पण खरं होतं. माझी उदारता त्यांच्या पगारावर चालणार होती.

त्या आठवड्यात मी नियम शोधत बसले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक कलम आहे. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं तिथे वाजवी धरलेलं आहे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नको. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी. हे वाचून मला विलक्षण आनंद झाला. सरकारी भाषेत इतकं शहाणपण मी क्वचितच पाहिलंय. आणि हे पाच कपाटातल्या हजारांमागे नाहीत, दिलेल्या हजारांमागे आहेत. जितकी जास्त द्याल तितकी जास्त हरवायची मुभा. मी छापील प्रत नेली. मुख्याध्यापक म्हणाले, हा नियम दिल्लीचा, आम्हाला थोडाच लागू. पण त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, बघू, वर्षाखेर हिशेब करू. एवढ्या तोंडी भरवशावर टीचरनी कपाट उघडलं. माझ्या लेखी त्या वर्षातलं सगळ्यात धाडसाचं काम तेच.

मुलं आली. त्यांचं सांगते, पण आधी शिक्षकांचं सांगायला हवं, कारण ते येतील असं मला वाटलंच नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी अरविंद गुप्तांचं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायचं पुस्तक नेलं आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी नि काड्यापेटीच्या काड्या घेऊन वर्गात त्रिकोण-चौकोन जोडायला लावले. (रंगनाथनना वर्गीकरणाची युक्ती लंडनच्या दुकानातलं मेकॅनो बघून सुचली होती, गुप्तांच्या काड्या म्हणजे गरिबाचं मेकॅनोच.) पुस्तक परत आलं तेव्हा त्यावर डिंकाचे डाग होते. टीचर काही बोलल्या नाहीत.

आणि एक तात्पुरत्या नेमणुकीवरची शिक्षिका होती. विषय इतिहास, पण जागा रिकामी म्हणून आठवीचं इंग्रजी तिच्या गळ्यात पडलं होतं. ती सुट्टीत यायची, दाराकडे पाठ करून बसायची आणि लहान मुलांची इंग्रजी पुस्तकं चाळायची. चित्राखाली दोन-तीन ओळी असतात तसली. एकदा म्हणाली, मुलीसाठी नेऊ का? सहावीत आहे. टीचरनी रजिस्टरमध्ये मुलीचं नाव लिहिलं, इयत्ता सहावी लिहिली, आणि पुस्तक दिलं. मग दर बुधवारी एक. ऑक्टोबरपर्यंत चित्रं कमी आणि मजकूर जास्त अशा पुस्तकांपर्यंत तिची मजल गेली होती. एकदा मी तिच्या वर्गाबाहेरून जात होते. ती मुलांना इंग्रजीत गोष्ट सांगत होती, अडखळत, पण पुस्तकात न बघता. आमच्या शाळेत सहावी नाही हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली. टीचरना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हायस्कुलातल्या मुलाला वाचता येत नाही तेव्हा त्याची अडचण याहून वेगळी नसते. चौदा वर्षांच्या पोराला चार ओळींचं पुस्तक हातात दिलं तर तो वर्गासमोर ते धरणार नाही. ओडिशाहून आलेला एक नववीतला मुलगा होता. चौथीपर्यंत ओडिया शिकलेला, मग टाळेबंदी, मग इथे. कन्नड बोलायचा झकास, वाचायचा नाही. बंगळुराच्याच 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' आहे. एकच गोष्ट कितीतरी भाषांत, कुणीही छापून घ्यावी अशी, आणि सोप्यापासून अवघडापर्यंत चार पायऱ्या. तिथली एक गोष्ट मी ओडिया आणि कन्नडमध्ये छापली आणि त्याला सांगितलं, मी अनुवादाचं काम करते, मला ओडिया येत नाही, दोन्हींत एकच लिहिलंय का तेवढं तपासून दे. हे खोटं नव्हतं. तो चिकटला. दोन बुधवार घेतले. मग येऊन म्हणाला, बरोबर आहे, इकडे 'अज्जी' आहे तिकडे 'आई'.

मी म्हटलं, मग चुकलंय, अज्जी म्हणजे आजी, आई म्हणजे आई.

तो हसायलाच लागला. "मिस, आई म्हणजे आईची आई." ओडियात खरंच तसं आहे, आणि आईच्या वडिलांना 'अजा'. कन्नड 'अज्ज', मराठी 'आजा', आणि हा तिसरा. तौलनिक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईची चूक नववीतल्या मुलाने दोन प्रती समोर ठेवून काढली, ही बातमी त्याने स्वतःच वर्गात पसरवली. त्यानंतर 'तपासायला' द्या म्हणून आणखी पाच-सहा जण आले. जानेवारीत त्याला कपाटातलं सापांवरचं कन्नड पुस्तक हवं झालं, कारण त्यांच्या खोल्यांमागच्या तळ्याकाठी साप निघत. ते कन्नडमध्येच होतं, जाड होतं, आणि तो ते वाचत होता.

भालकीची एक मुलगीही आठवते. बिदर जिल्ह्यातली, वडील एका कंपनीच्या फाटकावर. मी फोनवर बोलत होते ते ऐकून जवळ आली : "तुमी मराठी बोलायलाव?" गावाकडे चौथीपर्यंत मराठी शाळेत होती. मी घरून सात-आठ मराठी पुस्तकं आणून शाळेला दिली. रजिस्टरात मराठीचा रकाना नव्हता, टीचरनी ती 'हिंदी'त घातली, लिपी तीच म्हणून. एरवी मी यावर भांडले असते. ती मुलगी मात्र धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवायची, आणि तो सगळं कन्नडमध्ये विचारायचा, असं सांगत होती.

फेब्रुवारीत सापांवाला मुलगा यायचा थांबला. कंत्राटदाराने वडिलांची टोळी दुसरीकडे हलवली होती. शाळा सोडल्याचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही, आणि दाखल्याशिवाय पुस्तक मागायची सोय नसते. मार्चअखेर त्या शिक्षिकेची नेमणूक संपली.

एप्रिलमध्ये मोजणी केली. मी स्टुलावर बसून क्रमांक वाचले, टीचरनी खुणा केल्या. वर्षभरात १,३८६ वेळा पुस्तकं दिली गेली होती. नऊ कमी होती. हजारी पाचने हिशेब केला तर ६.९३. मुख्याध्यापक म्हणाले, सात धरू, वरच्या दोनांचे पैसे भरावे लागतील. मी लगेच पर्स उघडली. टीचर म्हणाल्या, ठेवा. तुम्ही भरलेत तर पुढच्या वर्षी पुस्तक देताना मला तुमच्याकडे बघावं लागेल.

मग त्यांनी यादी पुन्हा काढली. सात नावांपुढे 'गहाळ' लिहिलं. सापांचं पुस्तक आणि त्या सहावीतल्या मुलीच्या नावावरचं शेवटचं पुस्तक, या दोघांपुढे काहीच लिहिलं नाही. नवं रजिस्टर उघडून पहिल्या पानावर ती दोन नावं तारखेसकट उतरवून घेतली. "ही हरवलेली नाहीत," त्या म्हणाल्या, "बाहेर आहेत." मुख्याध्यापकांनी सही केली.

त्यानंतर दर जूनमध्ये ती दोन नावं नव्या रजिस्टरात पहिल्या पानावर आली. टीचर गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. आता मेट्रो सुरू झालीय, त्या एखाद्या बुधवारी शेवटच्या स्थानकापर्यंत येतात. ग्रंथालयाचा भार आता कन्नडच्या तरुण सरांकडे आहे. परवा रजिस्टर चाळता चाळता त्यांनी मला विचारलं, "मेडम, ही सहावीतली मुलगी कोण? आपल्याकडे सहावीच नाही."

मी म्हटलं, पुस्तक बाहेर आहे.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पान उलटलं, आणि दुसरं नाव वाचून विचारलं, "आणि हा?"